उजवा पाय आधी

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. मला चार पाय आहेत, पण त्यांतला एकही स्वतःहून उचलता येत नाही. मला वॉकर म्हणतात. माणूस मला उचलून पुढे ठेवतो, माझ्या दोन्ही मुठी घट्ट धरतो आणि मग आपले पाऊल टाकतो. एवढेच माझे काम. अशा वस्तूने आपली कहाणी सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. सांगण्यासारखे आपल्याजवळ काय आहे, असे मला पुष्कळदा वाटते. पण एका माणसाचे चालणे मी फार जवळून पाहिले आहे. ते सांगितले नाही तर तेही बरे वाटणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमच्या लांब नळ्या कापल्या, वाकवल्या, एकमेकींना जोडल्या आणि माझ्या चारही पायांत काळे रबरी बूट घातले. रत्नागिरीतल्या एका औषधांच्या दुकानाबाहेर मी बरेच दिवस साखळीने बांधलेला उभा होतो. माणसे माझ्याकडे पाहून नजर वळवत. आपल्याला याची गरज पडू नये, असे प्रत्येकाला वाटते. त्यात त्यांचे काही चुकत नाही.

माझे पहिले धनी मांडवीचे एक निवृत्त शिक्षक होते. पलंगापासून ओटीपर्यंत एवढाच आमचा प्रवास. ते माझ्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी अडकवत, तिच्यात नेहमी एखादे पुस्तक असे. ओटीवर बसले की संध्याकाळ होईपर्यंत पान उलटल्याचा तेवढा आवाज येई. ते गेले आणि त्यांच्या मुलीने, राजश्रीने, मला माळ्यावर ठेवले. तिथे एका मोडक्या पाळण्याला टेकून मी दोन पावसाळे काढले. स्क्रूंना गंज चढला. एका पालीने माझ्या नळीत अंडी घातली. मला वाटले, संपले आपले काम.

राजश्री मोडलेल्या आणि आखडलेल्या हातापायांना पुन्हा कामाला लावण्याचे व्यायाम शिकवते. एक दिवस तिने मला खाली काढले, धुतले, स्क्रू आवळले, नवे रबरी बूट घातले आणि स्कूटरवर आडवा बांधून खाडीच्या तोंडाशी असलेल्या, मासेमारी करणाऱ्या खारव्यांच्या वाडीत नेले. तिथे मला बाबल्या भेटला.

बाबल्या तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. सुकाणू त्याच्या हाती आणि खलाशांचे जीवही त्याच्याच हाती. त्याच्या होडीचे नाव ‘मथुरामाय’, त्याच्या आजीचे. काही वर्षांपूर्वी ही होडी लाटेने वळली आणि बाबल्याचा उजवा घोटा होडी आणि धक्का यांच्यामध्ये सापडला. हाड वेडेवाकडे जुळले, सांधा झिजत गेला. पाऊल टेकले की काच रुतल्यासारखे दुखे. तरी तो बगळ्यासारखा एका पायावर भार देऊन सुकाणू धरत राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, सांधा वाचवता येणार नाही. आतली हाडे खरवडून एकमेकांना स्क्रूने जोडून टाकू. दुखणे जाईल, पण घोटा पुन्हा कधी मुडपणार नाही.

“मुडपला नाय तरी चालंल,” बाबल्या म्हणाला होता, “ओरडला नाय म्हणजे झालं.”

शिमगा झाला, पालखी देवळात परतली आणि बाबल्याचे ऑपरेशन झाले. मी त्याच्या घरी पोचलो तेव्हा त्याचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. त्याची म्हातारी आई, गोदा, माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, “ह्यो कसला घोडा आणलास गो बाय?”

“याच्यावर बसायचं नाही आजी, याला धरायचं,” राजश्री म्हणाली.

“दाणावैरण लागत नाय ना? मग राहू दे.”

तेव्हापासून त्या घरात माझे नाव घोडा पडले.

उजवा पाय जमिनीला लावायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. मला पुढे ठेवायचे, दोन्ही हातांवर अंग तोलायचे आणि डाव्या पायाने उडी घ्यायची. बाबल्या अंगाने भक्कम. त्याचा सगळा भार आला की माझ्या नळ्या करकरत. मला भीती वाटे. मास्तरांचे अंग पुस्तकाएवढे हलके होते, हा माणूस आपल्याला पेलेल का? पण बाबल्याला माझ्याहून जास्त भीती वाटत होती. तो ती शिव्यांमध्ये लपवी. त्याची बायको कमळा पहाटे मासळीच्या लिलावाला जाई आणि टोपली विकून उन्हे चढताना परत येई. आल्या आल्या ती आधी माझ्या बुटांकडे बघे, मग त्याच्या पायाकडे आणि मग तोंडाकडे.

“टेकला तर नाय ना?” ती विचारी.

“रोज काय तेच विचारतेस? पोलिसात हाईस काय?”

“पोलीस बरा. तो एकदा विचारून जातो.”

वैशाख संपत आला तेव्हा ती गोष्ट घडली. बाबल्याचा धाकटा भाऊ दीपेश ‘मथुरामाय’ घेऊन समुद्रात गेला होता. दुपारी एकाएकी वारा सुटला. झावळ्या उलट्या झाल्या, पाण्याचा रंग बदलला. बाबल्या अंगणात फणसाखाली बसला होता. तो माझ्या आधाराने उठला आणि कान देऊन उभा राहिला. एकेक होडी खाडीत शिरत होती. इंजिनाच्या आवाजावरून तो नावे सांगत होता. त्यांत त्याची होडी नव्हती. त्याच्या तळहातांचा घाम माझ्या मुठींवर उतरला.

मग लांबून तो आवाज आला. “मथुरामाय!” तो ओरडला आणि खाडी दिसावी म्हणून ओटीकडे वळला.

ओटीला जांभ्या दगडाची एकच पायरी आहे. त्याने मला वर ठेवले. आता त्याने डाव्या पायाने उडी घ्यायला हवी होती. पण हा माणूस पोरवयापासून उजवा पाय आधी टाकत आला होता. देऊळ असो, घर असो, होडी असो, खारव्याचे पोर डावा पाय आधी टाकत नाही. डोक्यात सगळी होडीच होती, पायाला सांगायला कुणी उरले नाही. त्याने उजवा पाय पायरीवर ठेवला आणि सगळा भार दिला.

तो ओरडला नाही. घशातून नुसती हवा बाहेर पडली. आम्ही दोघे एकदम कोसळलो.

कमळा हातातली कोयती टाकून धावत आली. “समुद्रात एवढी वर्षं पडला नाय,” ती त्याचे डोके मांडीवर घेऊन म्हणाली, “आणि घरच्या पायरीवर?” तिचा आवाज रागाचा होता, पण हात त्याच्या कपाळावरून फिरत होता.

दवाखान्यात मी त्यांच्याबरोबर होतो. एक्स-रे निघेपर्यंत कमळा बाकावर त्याच्याशेजारी बसून होती. बाबल्या समोरच्या भिंतीकडे बघत होता. जोडलेली हाडे सुटली असतील, तर पुन्हा चिरफाड. कदाचित तेवढ्यानेही भागणार नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. त्यांनी ती बराच वेळ धरली, असे मला वाटले.

“स्क्रू जागेवर आहेत,” ते म्हणाले. “नशीब तुमचं. पण हाड अजून कच्चं आहे. पुन्हा प्लास्टर. आणि पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकणार नाही.”

पाऊस लागला. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारल्या. प्लास्टर निघाले तेव्हा आतून एक बारीक, पांढुरका पाय बाहेर आला. बाबल्या त्याच्याकडे परक्यासारखा बघत राहिला.

राजश्री रोज येई. “पहिल्यासारखं चालायला जाऊ नका,” ती सांगे. “हा नवा पाय आहे, याची चाल शिकून घ्या. पाऊल लहान टाका. आधी टाच. घोटा जे काम करायचा, ते आता गुडघ्याला करू दे.”

“आणि गुडघा नाय म्हणाला तर?”

“मग कमळावहिनींना सांगते.”

“नको, करंल तो,” बाबल्या म्हणाला.

सपाट जमिनीवर हळूहळू जमू लागले. उतारावर मात्र ताठ पाऊल फसे. जमीन तिरकी आहे हे घोट्याला आता कळतच नव्हते. राजश्रीने त्याला डाव्या हातात काठी धरायला शिकवली आणि पायरीचा एक नियम पाठ करून घेतला. वर चढताना धडका, म्हणजे चांगला, पाय आधी. खाली उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. धडक्या पायाने अंग वर ओढायचे, आणि उतरताना त्याच पायाने अंग अलगद खाली सोडायचे. बाबल्या पोरांनी पाढे म्हणावेत तसे ते म्हणे.

आषाढ सरत आला तसे खलाशी चौकशीला येऊ लागले. या हंगामात सुकाणू कोण धरणार? दीपेश मान खाली घालून बसे. त्याला सुकाणू नको होते आणि नको म्हणायची लाजही वाटत होती. शेवटी गोदाने निकाल दिला. होडीवर तिचा शब्द चाले.

“नारळी पुनवेला जो आपल्या पायानं होडीत चढंल, तो तांडेल. बाबल्या चढला तर बाबल्या. नाय तर दीपेश, आणि मग बाबल्याने होडीचं नाव काढायचं नाय. समुद्रात कोण कुणाला उचलीत नाय.”

बाबल्याला हे पटले. त्याने अंगणात जांभ्याच्या चिऱ्यावर चिरा रचला, होडीच्या काठच्या फळीएवढा उंच. मला शेजारी उभे करून तो काठीने सराव करू लागला. डावा पाय वर, मग अंग, मग काठी आणि उजवा. घामाने निथळला, पण चढला. पुन्हा चढला. कमळा दारातून बघत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्या बुटांकडे पाहिले नाही.

तेवढ्यात गोदा बाहेर आली.

“डावा?” ती म्हणाली. “मथुरामायवर डावा पाय आधी ठेवणार तू? आज्जीच्या अंगावर?”

खरेच, कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. बाबल्याने उजवा पाय चिऱ्यावर ठेवला आणि अंग उचलू पाहिले. ताठ पाऊल पुढे झुकेना, गुडघा लटपटला. मी शेजारी नसतो तर तो पडला असता.

“दादा, मी उचलून ठेवतो तुला,” दीपेश म्हणाला. “कोण बघतंय?”

“उचलून ठेवायला तो काय नारळ हाय?” गोदा कडाडली.

“आये,” बाबल्या हळूच म्हणाला, “एक साल डावा चालवून घे.”

म्हातारी त्याच्याजवळ आली. तिचा आवाज उतरला. “मी घेईन रे. मी तुझी आवस. पण खलाशी घेतील काय? भर समुद्रात वारा फिरला की त्यांना तुझा डावा पाय आठवंल. घाबरलेली माणसं घेऊन कुठं जाशील?”

त्यानंतरच्या दिवसांत तो चिऱ्यावर उजव्या पायाने चढायचा प्रयत्न करी आणि दर वेळी माझ्यावर येऊन पडे. राजश्रीने शेवटी चिरे काढायला लावले. “सांधा जोडलाय तो चालण्यासाठी. हट्टानं पुन्हा मोडू नका.”

नारळी पौर्णिमा उजाडली. होड्यांना पताका लावल्या होत्या. पूजा भरतीला करायची आणि पूजा झाल्याशिवाय तांडेलाने होडीत चढायचे नाही, अशी तिथली रीत. बाबल्या माझ्या आधाराने धक्क्यावर आला, काठी माझ्या दांडीला अडकवलेली. भर भरती होती. पाणी धक्क्याच्या काठाशी आले होते आणि ‘मथुरामाय’ची फळी धक्क्यापेक्षा गुडघाभर वर डुलत होती. पूजा झाली. आरती झाली. ढोल थांबले. सगळे बाबल्याकडे पाहू लागले.

बाबल्या एका दगडावर बसला.

शेजारची एक होडी सुटली. मग दुसरी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. पाणी उतरले की होडी तिथे रुतते, म्हणून सगळ्यांना घाई. खलाशी कुजबुजू लागले. “घाबरला काय तांडेल?” कुणीतरी म्हणाले. ते मी ऐकले, म्हणजे त्यानेही ऐकले असणार.

कमळा त्याच्यापाशी वाकली. “घरी जाऊ या काय?” तिने इतक्या हळू विचारले की दुसऱ्या कुणाला ऐकू गेले नाही.

बाबल्या धक्क्याच्या भिंतीकडे बघत होता. पाण्याच्या वर एक ओली रेघ दिसू लागली होती, म्हणजे ओहोटी लागली होती.

“बाय,” त्याने राजश्रीला हाक मारली, “वर चढताना कुठला पाय आधी?”

“धडका. डावा.”

“आणि खाली उतरताना?”

“दुखरा,” राजश्री म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली. तिने होडीकडे पाहिले, मग पाण्याकडे. “म्हणजे उजवा!”

“पाणी उतरू दे,” बाबल्या म्हणाला. “फळी धक्क्याच्या खाली गेली की मी होडीत चढणार नाय. उतरणार.”

गोदाने पदर खोचला आणि ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

“दादा, तोवर तोंडावर वाळू लागंल,” दीपेश होडीतून ओरडला. “आपण अडकू!”

“कधी लागंल ते मला कळतं. तू इंजिन गरम ठेव.”

मित्रांनो, त्या वेळेइतका लांब वेळ मी माळ्यावरही काढला नव्हता. ओहोटी आपल्या चालीने उतरत होती, ती कुणासाठी पाऊल लवकर उचलत नाही. फळी धक्क्याच्या बरोबरीला आली. बाबल्या उठला नाही. शेवटची होडीही गेली. आता धक्क्याला फक्त ‘मथुरामाय’ उरली. खाडीच्या तोंडाशी लाटा पांढऱ्या फुटू लागल्या, म्हणजे खाली वाळू जवळ आली होती. फळी वीतभर खाली गेली. आणखी खाली गेली, तर ताठ पायाला ती उतरण झेपली नसती.

“आता,” बाबल्या म्हणाला आणि उठला.

मी त्याला धक्क्याच्या कडेपर्यंत नेले. तिथे त्याने माझ्या मुठी सोडल्या. काठी डाव्या हातात घेतली. कमळा माझ्यामागे उभी होती. होडीत दीपेश हात पसरून उभा होता, पण गोदा बघत होती, म्हणून शिवत नव्हता.

एक लाट आली, होडी वर उचलली. बाबल्या थांबला. लाट गेली, होडी बसली. त्याने काठी खाली टेकली आणि उजवा पाय उचलला. पाऊल फळीला लागले, टाच आधी. त्याच क्षणी होडी बाजूला सरकली. मधली पाण्याची फट रुंदावली. एक पाय होडीत, एक धक्क्यावर! माझ्या मुठी कुणीतरी गच्च आवळल्या. ताठ घोटा हलला नाही, पण गुडघा वाकला, होडीबरोबर गेला, होडीबरोबर परत आला. बाबल्याने डावा पाय उचलला आणि फळीवर ठेवला.

तो उभा होता. कुणी टाळी वाजवली नाही. खलाशी आपापल्या जागी पळाले, कारण तांडेलाने दोर सोडायला सांगितले होते.

अजून तोंड पार व्हायचे होते. होडी वाळूच्या बांधाशी गेली आणि एकदम अडखळली. पताका पुढे झुकल्या. सुकाणूशी बाबल्या नुसता उभा राहिला, समोरून येणाऱ्या लाटेची वाट बघत. लाट आली, होडी उचलली गेली आणि इंजिनाचा आवाज मोठा झाला. पुढे मोकळा समुद्र होता. थोड्या वेळाने सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात पडताना चमकलेला दिसला.

“सोड गो आता तो घोडा,” गोदा म्हणाली.

तेव्हा मला कळले, माझ्या मुठी कुणी आवळल्या होत्या. कमळाने. पायरीवर तो पडला तेव्हा तिने त्याला सावरले होते, दवाखान्यात त्याच्याशेजारी बसून राहिली होती, रोज टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठला होता. तिला मात्र धरायला काही मिळाले नव्हते. तिचे पाय आत्ता थरथरत होते. सगळा भार तिने माझ्यावर टाकला होता आणि ती रडत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू वापरून झाल्या की माळ्यावर टाकू नका. पुसून, स्क्रू आवळून, झिजलेले बूट बदलून ज्याला लागेल त्याला द्या. चालायला शिकणाऱ्याला ‘चल लवकर’ म्हणू नका. त्याची भरती-ओहोटी त्याला कळते. आणि आजाऱ्याशेजारी जो न बोलता उभा असतो, त्याच्या पायांकडेही एकदा बघा. त्याला वॉकर कुणी आणून देत नाही.

होडी दिसेनाशी झाली तरी कमळाच्या मुठी सैल झाल्या नाहीत. मी चारही पायांनी धक्क्याला रुतून उभा राहिलो. मला घाई नव्हती.